वासराच्या वाट्याचा चीक

"डबा खाली ठेव आधी," मामा म्हणाले, "आणि हात धू. मग गोठ्यात ये."

डब्यात गाईच्या चिकाची भुकटी होती. पुण्यातल्या औषधाच्या दुकानातून मी ती मुद्दाम मामांना दाखवायला आणली होती. मामांनी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. त्यांचं गाव भाटघर धरणाच्या फुगवट्याला लागून, मागचा डोंगर ओलांडला की वेल्हे. त्या तालुक्याचं नाव सरकारी कागदावर आता राजगड झालंय, पण मामांच्या बोलण्यात अजून वेल्हेच येतं. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रतिपिंडं, म्हणजे रक्तात आणि दुधात सापडणारी रोगजंतूंना धरणारी प्रथिनं, हा माझा रोजचा विषय. त्यामुळे चिकावर आम्हा दोघांचाही अधिकार, आणि मतं मात्र दोन.

श्रावणातली सकाळ होती. गावठी गाय पहाटे व्याली होती. कालवड अजून ओलसर, पाय फाकवून उभी राहायची धडपड करत होती. मामांनी पितळेच्या भांड्यात पहिली धार काढली. पिवळाधमक, मधासारखा संथ उतरणारा चीक. मी पर्समधून ब्रिक्स मीटर काढलं. उसाची गोडी मोजायला वापरतात तेच, निगड्याच्या राजगड कारखान्याला ऊस घालणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेलं. काचेवर चिकाचा एक थेंब टाकला, उजेडाकडे धरून डोळा लावला. रेघ सव्वीसवर आली.

"बावीसच्या वर म्हणजे चांगला," मी म्हटलं. "लिटरला पन्नास ग्रॅमहून जास्त प्रतिपिंडं. साध्या दुधात एक ग्रॅमसुद्धा नसतात."

"मला अंगठ्याला लावून कळतं," मामा म्हणाले, "पण तुझं यंत्र चांगलं आहे. मागच्या महिन्यात वरच्या आळीतली संकरित गाय व्याली, चीक पाण्यासारखा पातळ. वासरू आठव्या दिवशी हगवणीनं गेलं. हे यंत्र असतं तर दुसऱ्या गाईचा चीक तरी पाजला असता."

कालवडीला बाटलीनं चीक पाजून होईपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. पंचवीस किलोची कालवड, म्हणजे वजनाच्या दहाव्या हिश्श्यानं अडीच लिटर. पहिल्या दोन तासांत जेवढा जाईल तेवढा. बाटलीत शेवटी फेस राहिला तेव्हा त्यांनी हात पुसले आणि पडवीत येऊन डबा उचलला. चष्मा लावून त्यावरचा मजकूर ओळीनं वाचला. प्रतिकारशक्ती, सर्दी, सांधेदुखी, थकवा, मधुमेह.

"एवढं सगळं एका चिकानं?"

"सगळं नाही. पण काहीच नाही असंही नाही, मामा. तेच सांगायला आलेय."

"सांग. पण आधी मला एक सांग, गाईला चीक येतोच कशाला?"

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांना विचारला असणार. उत्तरही त्यांनीच दिलं. "गाईची वार तू पाहिलीस. जाड असते. आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यात इतके थर असतात की आईची प्रतिपिंडं पोटातल्या वासरापर्यंत पोचतच नाहीत. बाईचं तसं नाही, तिच्या वारेतून ती बाळाला मिळतात. म्हणून मूल थोडी शिदोरी घेऊन जन्मतं आणि वासरू रिकाम्या हातानं. गाय ती शिदोरी कासेत साठवते. वासराचं आतडं पहिले काही तास उघडं असतं, अख्खं प्रतिपिंड गिळून थेट रक्तात घेतं. चोवीस तासांत ते दार बंद होतं. त्यानंतर घागरभर चीक पाजलास तरी रक्तात काही जात नाही. आता मला सांग, तू पस्तीस वर्षांची. तुझं आतडं उघडं आहे का?"

"नाही."

"मग या डब्यातली प्रतिपिंडं तुझ्या रक्तात जाणार?"

"नाही जाणार. यात वादच नाही. सांधेदुखीपर्यंत, फुप्फुसापर्यंत गाईचं प्रतिपिंड पोचतं असं कुणी म्हणत असेल तर त्याला विचारायला हवं की ते तिथे गेलं कुठल्या वाटेनं."

मामांनी डबा खाली ठेवला. त्यांच्या मते इथे विषय संपला होता. माझ्या मते तो इथे सुरू होतो.

"पण मामा, आतड्याचं दार बंद झालं तरी आतड्याच्या आत काम होऊ शकतं ना? जुलाबाचा जंतू रक्तात नसतोच, आतड्यातच असतो. गाईचं प्रतिपिंड पोटातल्या आम्लातून सगळं नाही, पण काही अंशी धड बाहेर पडतं आणि जंतूला तिथेच धरतं. 1988 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. परदेशी गेल्यावर प्रवाशांना ज्या ई. कोलाय जंतूनं जुलाब होतात, त्याची लस गाईंना टोचली. त्या गाईंच्या दुधातून प्रतिपिंडं गोळा केली. मग स्वखुशीनं आलेल्या माणसांना तोच जंतू प्यायला दिला. ज्या दहा जणांना गाईची प्रतिपिंडं दिली होती, त्यांतल्या एकालाही जुलाब झाले नाहीत. ज्यांना दिली नव्हती, त्या दहांतल्या नऊ जणांना झाले."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. "दहात शून्य, आणि दहात नऊ?"

"हो. आणि दुसरा प्रयोग आपल्याकडच्यासारख्या मुलांवरचा आहे. ढाक्याचा, 1998 सालचा. रोटाव्हायरसचे जुलाब झालेली ऐंशी मुलं. गाईंना रोटाव्हायरसची लस टोचून त्यांच्या चिकातली प्रतिपिंडं काढली आणि निम्म्या मुलांना रोज 10 ग्रॅम असं चार दिवस दिलं. त्यांचे जुलाब लवकर थांबले आणि कमी झाले. हा प्रयोग करणाऱ्यांत दिलीप महालनबीस होते."

नाव ऐकून मामी चुलीपुढून उठून आली. मामी सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. "मीठसाखरेचं पाणीवाले?"

"तेच. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा सलाईन संपलं, म्हणून त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. त्याच माणसानं पुढे गाईच्या चिकाकडेही पाहिलं."

"तर मग त्या माणसानं चिकाकडे पाहिलं ते कुठल्या क्रमानं, हे विसरू नकोस," मामी म्हणाली. "आधी पाणी. मग बाकीचं. आमच्याकडे पोराला जुलाब लागले की बायका आधी दूध बंद करायच्या, पाणी बंद करायच्या. दोन दिवसांत पोरगं सुकून जायचं. ओआरएस आणि चौदा दिवस झिंकची गोळी, हे घरोघर सांगत माझे पाय झिजले. आता कुणी डबा आणून सांगेल, हा पाजा, तर ओआरएसचं पाकीट मागे पडेल. मला त्याची भीती वाटते."

ही भीती खरी आहे, हे मी तिथेच कबूल केलं. ढाक्यातल्या त्या मुलांनाही जलसंजीवनी दिलेलीच होती, प्रतिपिंडं तिच्या जोडीला होती, जागेवर नव्हती. डब्यावर हे कुणी लिहीत नाही.

मामांनी मात्र दुसरीकडून धरलं. "दोन जिंकलेल्या लढाया सांगितल्यास. हरलेली सांग."

"आहे. ढाक्यातच, 2000 साली. ई. कोलायनं आधीच आजारी पडलेल्या मुलांना अशाच गाईंची प्रतिपिंडं दिली. विशेष फरक पडला नाही. जंतू आतड्याला चिकटायच्या आधी प्रतिपिंड पोचलं तर उपयोग, चिकटून विष सोडून झाल्यावर पोचलं तर फारसा नाही, असं मला वाटतं."

"आणि आपल्याकडे, भारतात?"

"2006 साली एका भारतीय बालरोग नियतकालिकात अभ्यास छापून आला. वारंवार सर्दी-खोकला आणि जुलाब होणारी 605 मुलं, एक ते आठ वर्षांची. त्यांना चिकाची भुकटी दिली आणि काही आठवड्यांत आजारपण खूप कमी झालं."

"आणि ज्यांना दिली नाही ती मुलं?"

"तशी मुलं अभ्यासात नव्हती."

मामा नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना पुढे बोलायची गरज नव्हती. पोर सगळ्यात जास्त आजारी असतं तेव्हाच आई-बाप दवाखान्यात नेतात. त्यानंतर पाऊस ओसरतो, पोर महिना-दोन महिन्यांनी मोठं होतं आणि बहुतेक वेळा आपसूकच बरं होतं. तुलनेला दुसरी मुलं ठेवली नाहीत, तर त्या बरं होण्यातलं चिकाचं किती आणि श्रावण संपल्याचं किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. अभ्यास 605 मुलांचा असो नाहीतर सहा हजारांचा, ही उणीव संख्येनं भरून निघत नाही.

मी मग माझा सगळ्यात बळकट वाटणारा मुद्दा काढला. "मामा, जनावराची प्रतिपिंडं माणसाला देणं आपल्याला नवीन आहे का? भातलावणीत दरवर्षी वेल्ह्यात कुणाला ना कुणाला साप चावतो. जी लस टोचून माणूस वाचतो ती घोड्याचीच प्रतिपिंडं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचं. घोड्याचं चालतं, तर गाईचं का नको?"

"बरोबर बोललीस," मामा म्हणाले, आणि आत जाऊन त्यांच्या जुन्या पेटीतून सर्पदंशाच्या लसीचं रिकामं खोकं घेऊन आले. कागदाची घडी उलगडून त्यांनी बोट ठेवलं. "वाच."

एक मिलिलिटर लस नागाचं 0.6 मिलिग्रॅम विष मारते, घोणसाचं 0.6, मण्यारचं 0.45, फुरशाचं 0.45. चारही ओळी स्पष्ट.

"आता डबा वाच. पाचशे मिलिग्रॅम चीक, इतकंच. कुठल्या जंतूविरुद्ध? किती? ज्या गाईचा चीक, तिला कुठली लस टोचली होती? मी लाळ्या-खुरकुताची लस टोचतो, घटसर्पाची टोचतो. माझ्या गाईच्या चिकात लाळ्या-खुरकुताची प्रतिपिंडं भरपूर. तुला लाळ्या-खुरकुत होणार आहे का?"

मला वाटतं, संपूर्ण वादातला हा सगळ्यात मोलाचा भाग होता, आणि तो माझा नव्हता. प्रतिपिंड म्हणजे कुठल्याही कुलपाला लागणारी किल्ली नव्हे. गाईला जो जंतू भेटला, त्याचीच किल्ली ती घडवते. तिच्या गोठ्यातले काही जंतू आपल्या जंतूंचे चुलतभाऊ असतात, म्हणून साध्या चिकाचाही थोडाफार उपयोग होत असेल. गाईचा रोटाव्हायरस आणि माणसाचा रोटाव्हायरस यांचं नातं इतकं जवळचं आहे की पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस गाईच्याच रोटाव्हायरसवर माणसाच्या विषाणूचे तुकडे बसवून तयार झाली आहे. पण प्रयोगात जो जिंकला तो साधा चीक नव्हता. ठरवून लस टोचलेल्या गाईचं, मोजून, शुद्ध करून, दिवसाला कित्येक ग्रॅम दिलेलं औषध होतं. ऑस्ट्रेलियात प्रवासातल्या जुलाबांसाठी अशा गाईंच्या चिकाच्या गोळ्या विकतात, त्यावर कुठल्या जंतूविरुद्ध ते लिहिलेलं असतं. माझ्या डब्यावर तसं काही नव्हतं. एका पत्रकात तर पोलिओची लस म्हणे चिकातूनच निघाली असंही छापलेलं मी वाचलंय. साबीन यांनी 1950 साली बायकांच्या आणि काही गाईंच्या दुधात पोलिओविरोधी द्रव्य सापडल्याचं लिहिलं होतं, हे खरं. पण त्यांची लस कमजोर केलेल्या विषाणूची आहे, चिकाची नाही.

तेवढ्यात मामीनं खरवस उतरवला. सकाळच्या दुसऱ्या धारेचा चीक, त्यात तितकंच दूध, गूळ आणि जायफळ. तिनं सुरीचं टोक खुपसून बघितलं, सुरी कोरडी निघाली.

"मामी, हा घट्ट का झाला माहितीये? दही लावलं नाही, पीठ घातलं नाही. चिकातली प्रथिनं उष्णतेनं उलगडतात आणि एकमेकांत गुंततात. त्यांत सगळ्यात जास्त प्रतिपिंडंच. सत्तर अंशांच्या वर ती टिकत नाहीत. खरवस जमतो तोच मुळी प्रतिपिंडं शिजून."

"म्हणजे मी औषध मारून टाकलं म्हण की."

"औषध नाही, अन्न. प्रथिनं आहेत, चुना आहे, अ जीवनसत्त्व आहे. ते कुठे जात नाही."

"मग कच्चा का नको प्यायला?" असं शहरातले लोक हल्ली विचारतात, म्हणून मीही विचारलं. मामांनी उत्तराऐवजी स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. नोकरीच्या सहाव्या वर्षी वेल्ह्यातल्या केळदच्या बाजूला एका गाईची अडकलेली वार त्यांनी हातमोजा न घालता काढली होती. तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं अंथरूण भिजवून उतरायचा. चार महिने. शेवटी रक्ततपासणीत ब्रुसेल्ला निघाला, सांसर्गिक गर्भपाताचा जंतू. गुडघा त्यानंच धरला. तो वारेत असतो तसा कच्च्या दुधातही असतो, चिकातही असतो. क्षयाचाही असू शकतो. कारखान्यात चीक साठ अंशांवर तासभर धरून जंतू मारता येतात आणि प्रतिपिंडं राखता येतात. चुलीवर ते जमत नाही. चुलीवर एकतर जंतूसकट चीक नाहीतर प्रतिपिंडांशिवाय खरवस. घरात निवड करायची तर खरवसच.

मामीनं तीन ताटल्यांत वड्या वाढल्या, चौथी शेजारी पाठवायला झाकली. मग म्हणाली, "मला एका गोष्टीचा राग येतो. गाय व्याली की हा चीक आपण देवाला दाखवतो, आळीत वाटतो. आणि सून बाळंत झाली की तिचा चीक? पिळून टाकतात. घाण दूध म्हणतात, पिवळं आहे, बाळाला बाधेल म्हणतात. तीन दिवस मधाचं बोट, गूळपाणी. माझ्या अंगणवाडीच्या पहिल्या दहा वर्षांत मी हे किती वेळा पाहिलं! आता दवाखान्यात बाळंतपणं होतात, पहिल्या तासात पाजायला लावतात, तरी घरी आल्यावर आजी पुन्हा मध काढतेच. माणसाच्या पोरासाठी जो चीक बनलाय तो ओतून द्यायचा आणि गाईचा डब्यात भरून दुकानातून आणायचा?"

यावर मामा आणि मी दोघंही एका बाजूला होतो. बाईच्या चिकातली प्रतिपिंडं वेगळ्या जातीची असतात. रक्तात जायला नव्हे, आतड्याच्या अस्तरावर राहायलाच घडवलेली. जे काम गाईच्या प्रतिपिंडाकडून मोठ्या खटपटीनं करून घ्यावं लागतं, ते आईचं प्रतिपिंड जन्मजात करतं. आणि आई ज्या घरात राहते, ज्या विहिरीचं पाणी पिते, त्याच घरातल्या जंतूंविरुद्धचं ते असतं.

खरवस खाता खाता मी मनातली योजना बोलून दाखवली. संकरित गाई पहिल्याच धारेला पाच-सात लिटर चीक देतात. वासराला तीन पुरतो. डेअरी चीक घेत नाही, उकळला की फाटतो, आणि कायद्यातल्या व्याख्येतही दूध म्हणजे चीक नसलेलं दूध. मग उरलेला चीक जातो कुठे? काही खरवसाला, काही शहरात विकायला, काही वाया. भोर-वेल्ह्यात तो गोळा केला, मोजला, उद्या कुणी जंतू ठरवून गाईंना लस टोचली, तर डोंगरातल्या गोठ्यांना पैसे मिळतील आणि मुलांना प्रामाणिक औषध.

"गाय गावठी असेल तर पहिल्या धारेचा उरतच नाही," मामा म्हणाले. "आज बघितलंस. आणि संकरित असेल तरी सांगतो काय होईल. आज चिकाला भाव नाही, तरी गोऱ्हा झाला की माणसं त्याला पोटभर पाजत नाहीत. पोसून करायचं काय, बैल लागत नाहीत, विकता येत नाहीत. दाराशी चिकाचा भाव लागला की आधी गोऱ्ह्याचं तोंड बांधतील, मग कालवडीचं. पहिली धार सगळ्यात घट्ट, म्हणून तिलाच सगळ्यात जास्त भाव. आणि वासराला हवी असते तीही पहिलीच धार. दुसऱ्या धारेला जोर उतरतो, तिसऱ्या दिवशी दूधच. तू मोजायचं यंत्र आणलंस, पण वासरू किती प्यालं हे मोजणारं यंत्र कुणाच्या दारी असणार?"

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. वासरू पाजल्याशिवाय चीक घ्यायचा नाही असा नियम करता येईल, असं मी म्हटलं. नियम करणारा गोठ्यात पहाटे तीनला नसतो, असं ते म्हणाले. मी अजूनही म्हणेन की लस टोचलेल्या गाईंच्या चिकाचं औषध व्हावं, तुलनेचा गट ठेवून तपासलेलं व्हावं. प्रतिजैविकं ज्या वेगानं निकामी होत चाललीत, ते पाहता ही वाट बंद करणं परवडणारं नाही. पण ते जिथे वासरांची वजनं रोज लिहिली जातात अशा शिस्तीच्या फार्मवर सुरू व्हावं, दारोदार किटली फिरवून नव्हे. एवढं मत मामांनी माझ्याकडून बदलून घेतलं. आणि भुकटीचा डबा मी परत पुण्याला आणला नाही. मामीनं तो रिकामा करून धुतला, त्यात आता मेथ्या आहेत.

त्यांचंही थोडं बदललं. ब्रिक्स मीटर त्यांनी ठेवून घेतलं. आता आळीतली कुठलीही गाय व्याली की ते पहिली धार मोजतात. बावीसच्या वर असेल आणि वासराचं पोट भरून चीक उरला असेल, तर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. गोठवलेला चीक वर्षभर टिकतो. लागेल तेव्हा हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात बाटली बुडवून पातळ करायचा, चुलीवर ठेवायचा नाही. प्रत्येक बाटलीवर तारीख, मीटरचा आकडा आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. आज मामांकडे अशा सहा बाटल्या आहेत. तुमच्या गावात गाय विताना दगावली, किंवा तिचा चीक पातळ निघाला, तर वासरू जन्मल्यापासून पहिल्या सहा तासांच्या आत कुणाच्या तरी फ्रीजमध्ये अशी एक बाटली मिळेल, एवढी सोय करून ठेवा.